मांजराने पाडलेली रोपं

४ जानेवारी

चि. धास्ती,

सोबतच्या पुडीत आपल्या पट्टेरी वांग्याचं बी आहे. ते तुमच्या त्या तपासणीच्या कारखान्यात घाल आणि शिक्का मारलेला कागद परत पाठव. बी चांगलं आहे हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, फक्त रोपवाटिकावाल्याला माहीत नाही. तोच तो, दर वाक्याआधी खाकरणारा. इतकी वर्षं माझ्या हातून डबे नेले, रोपं करून सगळीकडे विकली, आणि यंदा माझ्या बियांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणतो, "आत्या, हल्ली लोक कागद मागतात." आत्या म्हणे. मी याची आत्या कधी झाले?

फेब्रुवारीच्या शेवटी तो डबे न्यायला येईल. त्याआधी कागद हवा.

फोन करू नकोस. फोनवर तू रडवेली होतेस, मी ओरडते, आणि नंतर दोघींना काही आठवत नाही. कागदावर तुझं अक्षर तरी नीट असतं. ते वळण मी लावलंय. शाळेत जायच्या आधी या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत तू अक्षरं शिकलीस. 'मुळा' हा तुझा पहिला शब्द. आता तू लोकांच्या बियांना नापास करतेस म्हणे. शिकवल्याचं चीज झालं.

बाकी ठीक. मागच्या खोलीतले रोपांचे ट्रे मांजराने पाडले, त्यामुळे यंदाची उगवण पाहून झाली नाही. पाहायचं तरी काय होतं.

आत्या


१० जानेवारी

आत्या,

नमस्कार शेवटी करते, आधी कामाचं लिहिते, नाहीतर तू कामाचं वाचणार नाहीस.

पुडी मिळाली. मी ती स्वतः तपासणार नाही. घरच्या माणसाचं बी आपण तपासायचं नाही असा इथे नियम आहे, आणि नसता तरी मी तो पाळला असता. पुडीवरचं तुझं नाव काढलं, नंबर लावला आणि बाईंकडे दिली. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. त्या कोणाचं ऐकत नाहीत. तुमचं दोघींचं जमलं असतं किंवा एकीने दुसरीला खिडकीतून टाकलं असतं.

तू कारखाना म्हणतेस ती एक लांब खोली आहे. काचेच्या बशीत ओला टीपकागद घालायचा, त्यावर बिया एकमेकींना शिवणार नाहीत अशा मांडायच्या आणि आठवडाभर दिव्याखाली ठेवायच्या. बीमध्ये बुरशी असेल तर ती वर येते, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. लोक काय काय पाठवतात ते पाहिलंस तर तुला बरं वाटेल. काल एकाने मिरचीचं बी पाठवलं. त्यात निम्मी माती, एक मेलेला मुंगळा, आणि वर चिठ्ठी, 'उत्कृष्ट वाण'. दुसऱ्याचं कोबीचं बी काळ्या बुरशीने इतकं भरलेलं की टीपकागदाला मिशा फुटल्या. तो म्हणतो, दोष तुमच्या कागदाचा. अशा माणसांना शेतात सोडतात याचंच मला नवल वाटतं.

या सगळ्यात तुझी पुडी उघडली तेव्हा बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "हे कोणीतरी निवडलंय." कोणी ते मला सांगता येत नव्हतं, पण मान ताठ झाली.

एक विचारते, रागावू नकोस. आपल्याकडे मांजर कधीपासून? तुला तर मांजर दारातही चालत नाही. आणि रोपं पडली म्हणजे मुळासकट उलटली, की मातीलगत खोड बारीक, तपकिरी होऊन आडवी झाली?

नमस्कार.

तुझी धास्ती


१७ जानेवारी

धास्तीबाई,

मांजर शेजारचं आहे. पांढरं आहे. शेपटी आहे. त्याचा जबाब हवा असेल तर तूच येऊन घे.

तुझ्या बाईंना सांग, निवडलंय म्हणजे निवडलंच आहे. माझ्या आईच्या वेळेपासून या घरात बियाचं वांगं कधी तोडलेलं नाही. तोडतात ते उतावळे. ज्यांना फळ केव्हा पिकलं ते कळत नाही, त्यांच्या हातात कात्री असते. फळ आपण होऊन गळेल तेव्हा ते झाडाने दिलं असं समजायचं. मग ते उचलायचं, कुस्करायचं, धुवायचं, पाण्यावर तरंगेल ते बी फेकायचं, उरलेलं सावलीत वाळवायचं. हे सगळं तुला चालता येऊ लागल्यापासून पाठ आहे. टोपली घेऊन वाफ्यातून तूच फिरायचीस. एखादं फळ तुझ्या धक्क्याने पडलं तर ते वेगळं ठेवून रडत बसायचीस, की हे आपोआप गळालेलं नाही, हे चालणार नाही. तेव्हाच मी म्हटलं होतं, ही पोर एकतर मोठं नाव काढेल नाहीतर सगळ्यांना वेड लावेल. नाव अजून काढलेलं नाहीस.

कागद पाठव.

आत्या


२८ जानेवारी

आत्या,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि फाडलं. आता सरळ लिहिते.

कागद मिळणार नाही. तुझ्या दर तीन बियांतल्या एकीवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके उगवले. ही वांग्याच्या फळकुजीची बुरशी. तीच रोपांना मातीलगत मारते, तीच पुढे पानांवर डाग पाडते आणि फळावर वर्तुळात वर्तुळ अशी कूज आणते. मला वाटलं, बाईंची चूक झाली असेल. मी त्यांना पुन्हा मांडायला लावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मांडलं. तेच आलं.

ती बियांच्या वर बसलेली नाही. सालीच्या आत आहे. म्हणून तू इतकं धुऊनही गेली नाही, आणि बी पाण्यात बुडालं म्हणजे चांगलं हेही इथे चाललं नाही. वरून पाहिलं तर मीसुद्धा हे बी पास केलं असतं.

आत्या, हे डबे रोपवाटिकेत जाऊ देऊ नकोस. तिथून एक रोप एका घरी जात नाही, शंभर घरी जातं. एकदा लोकांच्या वाफ्यात ही कूज शिरली की पाचोळ्यात, मातीत राहते, आणि कोणाकडून आली हे कोणालाच कळत नाही. तुला मात्र कळेल.

बाई आणखी एक वाक्य बोलल्या. ते मी लिहीत नाही.

धास्ती


३ फेब्रुवारी

चि.,

तुझ्या बाईंनी जन्मात एक तरी वांगं लावलंय का? ओल्या कागदावर, बशीत, दिव्याखाली आठवडाभर ठेवलं तर मलाही बुरशी येईल. तुम्ही लोक आधी बीला आजारी पाडता आणि मग म्हणता, बघा, आजारी आहे. आणि हे ऐकवायला मी तुला शिकवलं.

रोपवाटिकावाल्याला मी सांगितलं की कागदाला उशीर होतोय. त्याने खाकरून उपाय काढला. "आत्या, गुलाबी औषधाची पूड चोळू. बी गुलाबी दिसलं की कोणी कागद विचारत नाही." माणूस लबाड आहे, त्याच्या रोपांपेक्षा त्याच्या थापा लवकर वाढतात, पण निदान काहीतरी करू म्हणतो. तू काय म्हणतेस? देऊ नकोस. बरं, नाही दिलं. मग करू काय? हे पट्टेरी वाण या घराशिवाय कुठेही उरलेलं नाही हे तुला ठाऊक आहे. सात डबे आहेत. जाळू? तुझ्या बाईंना ऊब येईल.

आणि ते कोणतं वाक्य? अर्धं बोलून गप्प बसायची सवय तुला लहानपणापासून आहे. लिही.

आत्या


८ फेब्रुवारी

आत्या,

तू विचारलंस म्हणून लिहिते. बाई म्हणाल्या, "इतकं भरलेलं, इतकं स्वच्छ बी, आणि इतका रोग? कोणीतरी कुजकी फळं हुडकून हुडकून गोळा केलीत. मुद्दाम केल्याशिवाय हे जमत नाही."

त्या वेळी मी मनात म्हटलं, बाईंना काय कळतंय. मग तुझं जानेवारीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. झाडाने दिलं असं समजायचं.

आत्या, निरोगी वांगं गळत नाही. ते देठाला घट्ट धरून पिवळं पडतं, सुरकुततं, तिथेच सुकतं. गळतं ते कुजलेलं. कूज देठापाशी गेली की फळ सुटतं. आपण झाडाखाली वाट पाहत बसायचो आणि सगळ्यांत आधी पडेल ते सगळ्यांत चांगलं म्हणून उचलायचो. झाडावर राहिलेली चांगली फळं आपण कोणाला द्यायचो? गुरांना. आजीच्या वेळी रोग वाफ्यात नसेल, तेव्हा नियमाने काही बिघडलं नाही. रोग आल्यावर मात्र आपण दरवर्षी त्यालाच निवडून, धुऊन, वाळवून, डब्यात चिठ्ठी लावून ठेवलं. इतक्या काळजीने कोणी मूल वाढवत नाही. आणि मी माझ्या धक्क्याने पडलेली चांगली फळं वेगळी काढत होते, रडत.

मी ज्या मुंगळेवाल्याला हसले तो आपल्यापेक्षा बरा. त्याची घाण निदान दिसत होती.

आता त्या खाकरणाऱ्याबद्दल. गुलाबी पूड हे खरं औषध आहे, पण ते सालीवर बसतं. आपली बुरशी सालीच्या आत. म्हणजे चोर घरात आणि पहारा कुंपणावर. त्या माणसाला हे माहीत नसेल तर तो मूर्ख, आणि माहीत असेल तर त्याला दुकानाची पायरी चढू देऊ नये. तू त्याच्या शहाणपणाचं कौतुक करतेस हे वाचून मला लाज वाटली. तुझी.

जाळू नकोस. उपाय आहे. बी पातळ कापडाच्या पुरचुंडीत सैल बांधायचं आणि पन्नास अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, सारखं हलवत. लगेच गार पाण्यात काढायचं, सावलीत पसरून पूर्ण वाळवायचं, आणि मग हवी तर तुझी गुलाबी पूड, तेव्हा तिचा उपयोग आहे. पाणी थोडं कमी तापलं तर बुरशी जगते, थोडं जास्त तापलं तर बी मरतं. म्हणून सोबत थर्मामीटर पाठवते. आधी मूठभर बी करून उगवून पाहा. जुनं बी हा ताप सोसत नाही, तेव्हा यंदाचेच डबे घे. पेरायचं ते जिथे बरीच वर्षं वांगं झालेलं नाही अशा वाफ्यात.

तू आंघोळीचं पाणी कोपर बुडवून पाहतेस. इथे कोपर नको. हात जोडून सांगते.

धास्ती


१५ फेब्रुवारी

पत्र मिळालं. काचेची नळी मिळाली, फुटलेली नाही. या घरातली सगळी मुलं कोपराच्या पाण्याने वाढली, तूसुद्धा, आणि एकही शिजलं नाही.

लाज वाटली म्हणतेस. वाटू दे.

वेळ नाही.

आत्या


२३ फेब्रुवारी

आत्या,

काल रोपवाटिकावाल्याचा मला फोन आला. माझा नंबर त्याला कोणी दिला ते विचारत नाही. खाकरून झाल्यावर तो आनंदाने म्हणाला, "तुमच्या आत्यांनी रविवारी दुकानात बोलावलंय, बहुतेक डबे तयार आहेत. कागदाचं तुम्ही मनावर घेऊ नका."

म्हणजे देणार. मला वाटलं होतं तू चिडशील, शिव्या देशील, आणि मग करशील, कारण तू नेहमी तसंच करतेस. या वेळी तू चिडलीस आणि थांबलीस. मी लहान असताना शेजारच्या काकूंनी जुनं मुळ्याचं बी नवं म्हणून विकलं तेव्हा तू वर्षभर त्यांच्याशी बोलली नव्हतीस. त्यांचं बी फक्त उगवलं नव्हतं. तुझं उगवेल, हे जास्त वाईट आहे.

रविवारच्या आधी हे पत्र तुला मिळालं तर ऐक. तू डबे दिलेस तर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र लिहीन. तुझ्या नावासकट. मला ते लिहिताना रडू येईल आणि तरी मी लिहीन. अक्षर चांगलं असेल.

या वेळी नमस्कार नाही.


२ मार्च

चि. धास्ती,

तुझं पत्र रविवारनंतर आलं. टपालाने तुझी अब्रू वाचवली, कारण आधी आलं असतं तर मी हट्टाने डबे दिले असते.

सांगते, मध्ये बोलू नकोस.

पहिला डबा गेला. कसा, ते मला विचारू नकोस, कोपराला विचार. मुठीतलं बी पेरून पाहायला सांगितलं होतंस, मी अख्खा डबा घातला, कारण मूठमूठ करत बसायला मी काही तपासणीवाली नाही. वाळल्यावर चिमूटभर पेरलं. वाट पाहिली. मातीला तडा गेला नाही. डब्यातलं बी दिसायला इतकं सुरेख होतं की फेकवेना, पण फेकलं.

मग तुझी नळी काढली. पाणी आणि ती, दोन्हींसमोर स्टूल टाकून बसले. पारा वर गेला की गार पाणी घाल, खाली आला की गरम, हात सारखा ढवळतोय. स्वयंपाक कधी इतक्या लक्षाने केला नाही. त्या अर्ध्या तासात मी तुला जे जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं बी उगवलंय. सगळं नाही, पण उगवलेलं उभं आहे.

जुने डबे जाळले. झाकणं ठेवलीत, चिठ्ठ्यांवर तू गिरवलेलं पहिलंवहिलं अक्षर आहे.

आता रविवार. त्याला मुद्दाम दुकान भरलेलं असताना बोलावलं होतं. एकेकाला सांगत फिरायला मला वेळ नाही. तो आला, खाकरला, पिशव्या उघडल्या. मी म्हटलं, "माझ्या वांग्याला रोग आहे. बी मिळणार नाही." तो कुजबुजला, "आत्या, हळू बोला." मी आणखी मोठ्याने बोलले. म्हणाला, "पूड चोळली की झालं." म्हटलं, "ती तुझ्या जिभेला चोळ, रोग तिथे आहे." लोक हसले. मग दाराजवळचा एक माळी हसायचा थांबला आणि म्हणाला, "म्हणून गेल्या साली माझी निम्मी वांगी सडली होय? मी खताला दोष देत होतो."

मी म्हटलं, "होय. म्हणूनच."

त्यानंतर कोणी हसलं नाही. तो माळी काही न घेता गेला. दुकान हळूहळू रिकामं झालं, आणि मी तराजू पुसत बसले. आधी दोनदा पुसला होता.

मांजर नव्हतं. रोपं तू लिहिलंस तशीच आडवी झाली होती, मातीलगत. गेल्या वर्षीही.

सोबत पुडी आहे, गरम पाण्यातून काढलेल्या बियाची. तुझ्या बाईंना दे. नाव काढून दे. किंवा राहू दे नाव.

आत्या


२६ मार्च

आत्या,

नाव काढलं, नियम आहे. पण बाईंना बी पाहताच कळलं. म्हणाल्या, "ते मुद्दामवाले?" मी म्हटलं, "हो. माझी आत्या." त्यांनी या वेळी बश्या दुप्पट मांडल्या.

अगदी शून्य नाही. बऱ्याच बिया शोधल्यावर एखादीवर ठिपके आहेत. शून्य असं लिहावं असं फार वाटलं, म्हणून आधी हे लिहिते. तेव्हा कागद अजूनही नाही, आणि हे बी कोणाला द्यायचंही नाही. फक्त तुझ्या नव्या वाफ्यात लाव, रोपं दूर दूर ठेव, डाग दिसेल ते झाड उपटून जाळ. एक हंगाम असा काढलास तर पुढच्या बियाचं काही सांगता येईल. वाण वाचेल असं वाटतं. वाटतं असंच लिहिते आहे, खात्रीने म्हणत नाही.

मी तुला जे लिहिलं त्यातलं शेवटचं पत्र फाडून टाक. आधीचं, निरोगी फळ गळत नाही ते, मात्र ठेव.

थर्मामीटर परत पाठवू नकोस. साष्टांग नमस्कार, मागच्या वेळचा धरून दोन.

तुझी धास्ती


१९ जुलै

चि. धास्ती,

खात्रीने म्हणत नाहीस. म्हणशील कशी, जन्मलीस तेव्हाही अर्धवट रडून थांबली होतीस, इकडेतिकडे पाहून.

नवा वाफा उभा आहे. तीन झाडं उपटली. त्यातल्या एकावर डाग होता की चिखल उडाला होता हे मला अजून कळलेलं नाही, पण तू डोक्यावर बसलेली, म्हणून उपटलं. एक फळ गळालं. मी सवयीने उचललं, पदराला पुसलंसुद्धा, मग आठवलं आणि चुलीत टाकलं. हात दिवसभर रिकामा वाटला.

बाकीची पिवळी झालीत. पट्टे पुसट झाले, साल सुरकुतली, पण सोडत नाहीत. एकाला धरून हलवून पाहिलं, झाड हललं, फळ नाही. इतकी वर्षं मी यांना आळशी म्हणत होते.

तो माळी परवा आला होता. मुळ्याचं बी घेतलं. वांग्याचं काही बोलला नाही, जाताना वाफ्याकडे मात्र पाहून गेला. रोपवाटिकावाला कुठून तरी गुलाबी बी आणून विकतोय. त्याचा खोकला वाढलाय असं ऐकते, मला वाईट वाटलं नाही.

आता मी कात्री घेऊन वाफ्यात उभी राहते आणि परत येते. या घरात बियाचं फळ कोणी कापलेलं नाही, आईनेही नाही. देठ कुठे कापायचा, फळाला लागून की लांब ठेवून, तेवढं कळव. फोन केलास तरी चालेल. रडलीस तर ठेवून देईन.

आणि हो, मांजर आणलंय. पांढरंच. पुढच्या वेळी रोपं पडली तर मला खोटं बोलावं लागू नये म्हणून. ट्रेच्या शेजारीच झोपतं, पण रोपांकडे ढुंकून पाहत नाही. सगळी उभी आहेत.

आत्या